मंडपात कराचीची लढाई कशी उभी करायची?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मधेच येऊन वाचणाऱ्यांनाही कळेल. गोव्यात पेडण्याकडचं वाड्यावरचं मंडळ, 4 डिसेंबरला नौदल दिन म्हणून देवळाच्या मंडपात पाऊण तासाचा देशभक्तीपर कार्यक्रम, विषय 1971 चा कराचीवरचा हल्ला, बजेट पस्तीस हजार, मुलं पंधरा-सोळा आणि त्यातली निम्मी पहिल्यांदाच फळीवर, म्हणजे रंगमंचावर, उभी राहणार. तुम्ही विचारलंय की बोट प्लायवूडची करायची की थर्मोकोलची, एलईडी वॉल भाड्याने घ्यायची का, आणि मिसाईल कसं सोडायचं.

मी तीसेक वर्षं उत्सवातल्या नाटकांना लाईट आणि नेपथ्य करतोय, स्पर्धेची नाटकंही केली पण जास्त काम देवळांच्या मंडपातलंच, तेव्हा त्या हिशोबाने सांगतो. बोट नको, एलईडी वॉल नको, आणि मिसाईल सोडायचंच नाही. हे ऐकून मुलांचा मूड जाणार मला माहीत आहे, पण पुढे वाचा.

आधी माझी फजिती सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एका गावात मराठा आरमारावरचं नाटक होतं आणि मी अठरा फुटांचं गलबत केलं, खाली चाकं, वर शीड, तालमीच्या हॉलमध्ये मक्खन चालायचं. प्रयोगाच्या रात्री मंडपातल्या फळीच्या दोन फळकुटांमध्ये जी फट असते ना, तिच्यात पुढचं चाक अडकलं. नायक वर उभा राहून जोरात भाषण ठोकतोय, मागून चार मावळे ढकलतायत, त्यांचे पाय खालून दिसतायत, आणि प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं "बस बंद पडली, खाली उतरा नि धक्का मारा!" संपलं. त्यापुढे तासभर नाटक चाललं पण ते कोणी पाहिलं नाही, सगळे त्या चाकाकडेच बघत बसले. चाक हे निमित्त झालं, खरी चूक माझी होती, कारण पंधरा फुटांवर बसलेल्या माणसाला मी म्हणत होतो की हे खरं जहाज आहे मान, आणि तो मानायला तयार नव्हता.

आता गंमत बघा. तुमच्याच भागात काल्याच्या, म्हणजे दशावतारी नाटकाच्या, रात्री तोच माणूस हसत हसत समुद्र मानतो. दशावतारात संकासूर येतो, वेद पळवतो, समुद्रात लपतो, विष्णू येऊन त्याला मारतो, म्हणजे आपल्या काल्याची सुरुवातच समुद्रातल्या लढाईने होते की नाही, आणि फळीवर काय असतं? एक बाक, मागे पडदा. संकासुराने म्हटलं समुद्र की झाला समुद्र. पोरंटोरं पुढे सरकून बसतात. पेडण्याचा प्रेक्षक पिढ्यान्पिढ्या यात तयार झालेला आहे, त्याला थर्मोकोल दाखवणं म्हणजे त्याचा अपमान आहे असं माझं मत आहे (थर्मोकोल डिसेंबरच्या दंवात सुटतो आणि रंग धरत नाही हे वेगळंच).

ही हौस आपलीच आहे असंही नाही. इंग्रजांना तर समुद्री विजय झाला की लगेच नाटक लागायचं. 1 जून 1794 ला त्यांच्या आरमाराने अटलांटिकमध्ये फ्रेंचांना हरवलं आणि 2 जुलैला, म्हणजे महिन्याभरात, लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात शेरिडनने त्यावरचा खेळ लावलासुद्धा, आणि त्या रात्रीचं उत्पन्न मेलेल्या खलाशांच्या बायकामुलांना दिलं. पुढे 1804 साली सॅडलर्स वेल्स नावाच्या थिएटरने कहर केला, बाजूने न्यू रिव्हरचा कालवा जायचा त्याचं पाणी आत घेऊन फळीवर नव्वदेक फूट लांब टाकी बांधली आणि त्यात जिब्राल्टरची लढाई लावली, खरं पाणी, छोटी छोटी जहाजं, तोफा. आता त्या जहाजांपुढे मोठा माणूस पोहायला लागला तर राक्षस दिसणार, म्हणून बुडणारे स्पॅनिश खलाशी म्हणून त्यांनी लहान मुलं पाण्यात उतरवली. हा मुद्दा लक्षात ठेवा. मापाची भानगड नव्वद फुटांची टाकी असलेल्यांनाही चुकली नाही. कराचीला गेलेली मिसाईल बोट साधारण 38 मीटर लांब, म्हणजे सव्वाशे फुटांच्या आसपास, आणि तुमची फळी फार तर चोवीस फूट. तिच्यावर बोट केलीत की शेजारी साडेपाच फुटी मुलगा उभा राहणार आणि बोट होडी दिसणार, मांडवीतली पर्यटकांची होडी.

त्या 1794 च्या खेळातून चोरण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. शेवटी जहाजांची धडाकेबाज लढाई होतीच, पण त्याआधी बराच वेळ गोष्ट गावात घडते, खलाशाच्या माणसांचं घर, पैशांची ओढाताण, त्यांना लुबाडायला टपलेला एक लबाड वकील. म्हणजे लोकांना आधी कोणाची तरी काळजी वाटायला लावली आणि मग तोफा उडवल्या. आपल्याकडे बहुतेक देशभक्तीपर कार्यक्रम पहिल्या मिनिटापासून तोफाच उडवतात, दर तीन वाक्यांनी घोषणा, आणि दहाव्या मिनिटाला टाळ्या यायच्या बंद होतात. घोषणा आखडत्या हाताने वापरा, अख्ख्या कार्यक्रमात एक, फार तर दोन.

आता मूळ मुद्द्यावर. कराचीची लढाई नेमकी कशी झाली हे मुलांना आधी नीट सांगा, कारण ती फळीवर कशी करायची त्याचं उत्तर तिच्यातच आहे. 4 डिसेंबर 1971 ची रात्र. निपात, निर्घात आणि वीर या तीन मिसाईल बोटी, सोबत किल्तान आणि कच्छल ही दोन जहाजं. स्क्वाड्रनचे प्रमुख कमांडर बब्रुभान यादव. दिवसा कराचीपासून लांब राहिले, कारण पाकिस्तानी विमानांच्या टप्प्यात जायचं नव्हतं, आणि काळोख पडल्यावर आत घुसले. बोटी रशियन, पोरं रशियात ट्रेनिंग घेऊन आलेली, म्हणून वायरलेसवर रशियन बोलायचे म्हणजे ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये, असं सांगतात. रात्री पावणेअकराच्या सुमाराला निर्घातने खैबर या पाकिस्तानी विनाशिकेवर पहिलं मिसाईल सोडलं. खैबरवरच्या लोकांना तो येणारा उजेड विमानाचा वाटला, त्यांनी विमान समजून त्यावर गोळ्या झाडल्या आणि आपल्या मुख्यालयाला संदेशही विमानहल्ल्याचाच पाठवला. खैबर बुडालं, मुहाफिज नावाचं सुरुंग काढणारं जहाज बुडालं, दारूगोळा आणणारं एक मालवाहू जहाज गेलं. आपल्या बाजूला एकही माणूस दगावला नाही.

आता विचार करा, निर्घातवरच्या खलाशाला त्या रात्री दिसलं काय? शत्रूचं जहाज नाही दिसलं. रडारवरचा एक ठिपका दिसला. ते मिसाईल आवाजापेक्षा थोड्या कमी वेगाने जायचं, पल्ला चाळीसेक किलोमीटर, म्हणजे सुटल्यापासून पोचेपर्यंत दोनेक मिनिटं. दोन मिनिटं ही माणसं काळोखात एका ठिपक्याकडे बघत उभी होती. तुमचं नाटक ते आहे हो! दोन मिनिटांची वाट. आणि त्याला प्लायवूड लागत नाही, काळोख लागतो, आणि तो मंडपात फुकट मिळतो, ट्यूबलाईट बंद करायला देवस्थान कमिटीने होकार दिला तर.

एलईडी वॉलला नाही म्हणतो ते याचसाठी. तिच्यावर काळा रंग दाखवला तरी ती करड्या उजेडाने फळी उजळवत राहते आणि काळोखाची वाट लागते, शिवाय अर्धं बजेट ती एकटी खाणार. वर मुलं इंटरनेटवरून कुठलाही व्हिडिओ उतरवतात, अमेरिकन जहाज काय, व्हिडिओ गेममधला स्फोट काय. गोव्यात हे खपत नाही, वास्कोला नौदलाची माणसं आहेत, दाबोळीला नौदलाचा हंसा तळ आहे, तुमच्या प्रेक्षकांत एखादा तरी रिटायर्ड नेव्हीवाला मामा बसलेलाच असणार आणि तो दुसऱ्या दिवशी तिठ्यावर बसून सगळं काढणार.

तर करायचं काय ते सांगतो, हा भाग आम्ही एका कॉलेजच्या मुलांबरोबर करून बघितलेला आहे. फळीच्या मधोमध एक टेबल. टेबलाच्या मागे एक प्लास्टिकची बादली, तोंडावर बटर पेपर ताणून बांधलेला, आणि आत टॉर्च, त्याला हिरवा जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद. टेबलाखाली बसलेला मुलगा बादलीच्या बुडाला पाडलेल्या भोकातून तो टॉर्च हळूहळू गोल फिरवत राहणार. झालं रडार. प्रेक्षकांना बादली दिसत नाही, त्यांना दिसतात वाकून बघणारे चार चेहरे आणि त्या चेहऱ्यांवरून फिरणारा हिरवा उजेड, येतो, जातो, येतो, जातो. बाकी एकही लाईट नाही. हा उजेड पहिल्यांदा पडला तेव्हा आमच्या तालमीला चहा घेऊन आलेला पोरगा ट्रे हातात धरून तसाच उभा राहिला होता.

आता बोट हलते हे कसं दाखवायचं? टेबलावर स्टीलचा ग्लास ठेवायचा, त्याला काळा दोरा, दोन्ही विंगांत एकेक टोक. आठ आकडे मोजून ग्लास डावीकडे सरकतो, आठ आकडे मोजून उजवीकडे, आणि टेबलाभोवतीची सगळी मुलं त्याच तालात एकत्र झुकतात, कोणाचं लक्ष नाही अशा चेहऱ्याने. एक जण न बघताच ग्लास पकडतो आणि घोट घेऊन परत ठेवतो. बस, मंडपात समुद्र आला. पण सगळे एकाच बाजूला, एकाच वेळी, नाहीतर दारूच्या गुत्त्यासारखं दिसेल, याला रोज अर्धा तास असा दहा दिवस सराव लागतो आणि पहिले चार दिवस मुलं नुसती हसतात, हसू द्या.

आवाज रेकॉर्डेड घेऊ नका असं मी म्हणेन, निदान सगळे नको. मंडपातले भोंगे बारीक आवाज खाऊन टाकतात. सुपात तांदूळ घेऊन माईकजवळ तिरकं करत राहा, लाट ऐकू येते. इंजिनाला शामेळ (घुमटाच्या जोडीला वाजतं ते तालवाद्य), खालच्या अंगाला नुसत्या हाताने, एकसारखं, थांबायचं नाही. तुमच्या गावात घुमट वाजवणारं कोणीतरी असणारच, त्याला विंगेत बसवा, तो असला की मुलांची लय चुकत नाही.

मिसाईल सुटतं तेव्हा एका बाजूने, विंगेतून, पांढरा पार (झोताचा रंगमंचावरचा दिवा) दोन सेकंद भक्क करून चेहऱ्यांवर, मोठा पत्रा एकदाच हादरवायचा, आणि सगळं बंद. शामेळही बंद. मग नुसता हिरवा उजेड फिरतोय आणि एकजण हळू आवाजात आकडे मोजतोय. खरी दोन मिनिटं फळीवर फार होतात, मंडपात लोक खुर्च्या सरकवायला लागतात, मी चाळीस-पंचेचाळीस सेकंदांवर आणलं होतं. तेवढ्यात एकाने खिशातून काहीतरी काढावं, फोटो असेल, पत्र असेल, बघावं आणि परत ठेवावं, बोलायचं काही नाही. आणि मग विंगेतून फक्त एक घाबरा आवाज, वायरलेसवरचा, खैबरवरचा, "विमानं... विमानांचा हल्ला". इथे एक विनंती, शत्रूला विनोदी करू नका, नकली दाढी लावून तोतरं बोलायला लावू नका. गावात अशी नक्कल करणारा एकजण हमखास असतो आणि हशा मिळतो हे खरं, पण त्याने चाळीस सेकंदांची सगळी मेहनत पाण्यात जाते. समोरच्याला काय मारतंय तेच कळत नाहीये, ही त्या रात्रीची सगळ्यात भयंकर गोष्ट आहे, ती तशीच ठेवा.

फटाके, गर्नाल, दारूकाम मंडपाच्या आत अजिबात नको. हे परिस्थितीवर अवलंबून वगैरे म्हणणार नाही मी, पत्र्याखाली, कापडी झालरीखाली, समोर बायकामुलं बसलेली असताना नको म्हणजे नको.

बाकीचं मात्र परिस्थितीवर आहे. मंडप तिन्ही बाजूंनी उघडा असेल आणि रस्त्यावरचा दिवा आत पडत असेल तर काळोख मिळणार नाही, मग प्रयोग रात्री साडेआठच्या आत लावू नका आणि तो दिवा झाकायची सोय आधी बघा (पंचायतीला विचारून, स्वतः खांबावर चढू नका). फळीला पडदा आहे का, विंगा किती खोल आहेत, हे मला माहीत नाही. आणि डिसेंबर म्हणजे जत्रांचा मोसम, डिमर (उजेड कमी-जास्त करायचं यंत्र) आणि पार भाड्याने देणारे आताच बुक होतात, मला विचाराल तर सहा पार आणि एक डिमर यापेक्षा जास्त तुम्हाला लागत नाही.

कपड्यांबद्दल दोन गोष्टी, कारण नेव्हीवाला मामा तिथेच पकडणार. नौदलाचा सॅल्यूट सैन्यासारखा नसतो, तळहात समोर दाखवायचा नाही, खाली वळलेला असतो, आणि डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट नाही. झेंडा दाखवणार असाल तर आताचा नौदलाचा झेंडा चालणार नाही, तो 2022 साली आला, अष्टकोनी निळ्या मुद्रेचा. 1971 ला पांढऱ्यावर लाल क्रूस आणि कोपऱ्यात तिरंगा असा होता. तो लावलात तर कोणीतरी इंग्रजांचा झेंडा म्हणून आरडाओरड करेल, म्हणून माझा सल्ला झेंडा दाखवूच नका, रात्रीच्या काळोखात तसाही दिसत नव्हता. बोगमाळ्याच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे, मुलांना एक रविवार घेऊन जा, विमानांचं असलं तरी माणसं कशी उभी राहतात, कपडे कसे असतात हे फोटोंत बघायला मिळतं.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. तुमच्या आराखड्यात कराचीच्या स्फोटानंतर लगेच समूहगीत आणि समाप्ती आहे. तिथे मला अडखळायला झालं. पाचच दिवसांनी, 9 डिसेंबरला, दीवच्या समोर पाकिस्तानी पाणबुडीने आपलं खुकरी हे जहाज बुडवलं, 18 अधिकारी आणि 176 खलाशी गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. आणि दीव म्हणजे तेव्हा परकं नव्हतं हो, 1987 पर्यंत गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता, म्हणजे ते आपल्याच दारात झालं. 4 तारखेचा विजय दाखवून 9 तारीख गाळायची हे मला पटत नाही. दाखवायलाही फार लागत नाही. तेच टेबल, तोच ग्लास सरकतोय, तोच हिरवा उजेड, पण टेबलाभोवती कोणी नाही. ग्लास सरकत सरकत थांबतो. मग समूहगीत घ्या, त्याचा अर्थच वेगळा लागेल. महाजन, म्हणजे देवळाचे मानकरी, तयार असतील तर गीत संपेपर्यंत बाहेर दीपस्तंभावर पणत्या लावून घ्या आणि लोकांना मंडपातून मागे वळून बघू द्या, पण त्यासाठी वेगळी चार माणसं आणि तेल आधीच तयार पाहिजे, वाऱ्याचंही बघावं लागेल.

खाली एका भाऊंनी विचारलंय की कराची कशाला, आपल्याच मुरगावला 18 डिसेंबर 1961 ला लढाई झाली ती करा ना. बरोबर आहे, आपल्या बेतवा आणि ब्यास या जहाजांनी पोर्तुगीजांच्या आफोंसो द अल्बुकर्क या जहाजाला गाठलं, ते शेवटी बांबोळीकडे किनाऱ्याला लागलं, त्याच दिवशी अंजदीव घेताना आपले सात नौसैनिक गेले. फार चांगला विषय आहे आणि तोफा स्वतः ऐकलेली माणसं अजून आहेत, त्यांचे आवाज रेकॉर्ड करून ठेवा. पण तो गोवा मुक्तिदिनाला, 19 तारखेला शोभेल, आणि ती दिवसाची लढाई, किनाऱ्यावरून लोकांनी बघितलेली, तिला वरची काळोखाची युक्ती चालणार नाही, तिथे लढाई बघणारी माणसं फळीवर आणावी लागतील, पणजीच्या किनाऱ्यावर उभी राहून. दोन्ही एकात कोंबू नका एवढंच.

बजेटचं म्हणाल तर पस्तीसमधले पंधराएक वाचतील. ते तुमचं मंडळ ठरवेल, पण ड्रुरी लेनवाल्यांसारखं एखाद्या निवृत्त सैनिकाच्या घराला उपयोगी पडलं तर वाईट नाही. मला फळीची लांबी-रुंदी, विंगांची खोली आणि मंडपात पंखे किती आहेत ते कळवा. पंखे महत्त्वाचे, ते चालू राहिले तर सुपातले तांदूळ कोणाला ऐकू येणार नाहीत.